टांगा जिल्हा कचेरी, मुक्काम परळ

मुंबई कोणाची यावर अख्खं गिरगाव रस्त्यावर उतरलं होतं, त्या वर्षी मी टांगा जिल्ह्याचा कारभार जर्मन लोक कसा चालवत याचा अभ्यास करत होते. हा टांगा घोडा जोडायचा नव्हे. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं ते एक बंदर आहे. एवढा खुलासा मला त्या काळात निदान पन्नास वेळा करावा लागला आणि आईला तो शेवटपर्यंत पटला नाही. शेजारणीला ती सांगायची, "आमची मुलगी घोडागाड्यांवर एम.ए. करतेय."

विषय माझा नव्हता. मला लिहायचं होतं गिरणगावात आलेल्या कोकणी माणसांबद्दल. सरांनी माझा कागद दोन बोटांत धरून वाचला आणि म्हणाले, "हा इतिहास नाही, या बातम्या आहेत." सर विलायतेला जाऊन आले होते. मे महिन्यातसुद्धा ते कोट घालत आणि घामाला घाम म्हणत नसत. जिवंत माणसं इतिहासात आली की त्यांना कसंतरी व्हायचं. ग्रंथालयातल्या एका कपाटाकडे बोट करून ते म्हणाले, "जर्मन वसाहतींच्या प्रशासनावर आपल्याकडे अजून कुणीही काम केलेलं नाही."

का केलेलं नाही, ते आठवड्याभरात कळलं. कपाटात पुस्तकं होती सहा. त्यातली दोन जर्मन भाषेत, म्हणजे मला तरी बंदच. उरलेली चार पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी लिहिलेली. परक्यांच्या देशावर राज्य करायला जर्मन कसे नालायक होते, हे इंग्रजांनी त्यात अतिशय कळकळीने सांगितलं होतं. त्यात हसण्यासारखं काही आहे हे माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही. मी आपली मान खाली घालून टिपणं काढत होते.

घरी निराळीच तऱ्हा. वडील सचिवालयात कारकून होते, त्यामुळे ते संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूने होते, पण खिडक्या लावून. आईला नोकरी नसल्याने ती गॅलरीत उभी राहून घोषणा देई. फणसवाडीतून मोर्चा गेला की वडील आतून म्हणत, "अगं हळू, हळू," आणि मोर्चा लांब गेला की विचारत, "किती माणसं होती?" मी आतल्या खोलीत बसून आकीदा आणि जुंबे यांच्या अधिकारांतला फरक पाठ करत असे. जुंबे म्हणजे गावचा मुखिया आणि आकीदा म्हणजे त्याच्या डोक्यावर जर्मनांनी बसवलेला बाहेरगावचा माणूस. माणसं त्यांची, जमीन त्यांची आणि साहेब भलतीकडून नेमलेला. मुंबई केंद्राच्या ताब्यात द्यायची बातमी आली त्याच दिवशी मी हे प्रकरण लिहीत होते. दोन्हींचा एकमेकांशी संबंध असेल अशी शंकाही मला आली नाही. इतकं माझं शिक्षण झालेलं होतं.

ग्रंथालयाच्या मागच्या व्हरांड्यात एक म्हातारे गृहस्थ फाटलेली पुस्तकं बांधायला बसत. धोतर, खाकी सदरा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. पुढ्यात खळीचं भांडं. पूर्वी ते गिरणीत होते. नजर अधू झाल्यावर सुटले आणि हे काम करू लागले. एके दिवशी आत उकडत होतं म्हणून मी नकाशाचं मोठं पुस्तक घेऊन व्हरांड्यात बसले. ते खळ ढवळता ढवळता वाकले आणि किनाऱ्यावरच्या एका ठिपक्यावर त्यांनी बोट ठेवलं. खळीचा डाग पडला.

"ह्यो टांगा," ते म्हणाले.

मी आधी डागाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "तुम्हाला इंग्रजी वाचता येतं?"

"न्हाय बाई. किनारा वळकला. थितं व्हतो ना मी. जर्मनाच्या कचेरीत."

सहा पुस्तकांत मला एकही जिवंत माणूस सापडला नव्हता. आणि हा मनुष्य गेले तीन महिने माझ्यापासून वीस पावलांवर पुस्तकांच्या पाठी शिवत बसला होता.

त्यानंतर मी रोज दुपारी व्हरांड्यात जाऊ लागले. त्यांचं गाव दापोलीच्या बाजूला. वडील महार पलटणीतले पेन्शनर, त्यांनी पोराला अक्षरं आणि आकडे शिकवले होते. अंगात रग होती, गावात राहवेना. मुंबईला येऊन ते एका बोटीवर कोळसा मारायला लागले आणि टांग्याला बोट थांबली तशी उतरले ते परत चढलेच नाहीत. जिल्हा कचेरीत पंखा ओढायला आणि कागद इकडून तिकडे न्यायला माणूस हवा होता.

"पैल्या दिवशी नाव लिवून घेतलं," ते सांगत होते. "मग त्यो गोरा साहेब काय तरी इचारतो. म्हनलं, आता जात इचारनार. म्या वाटच बघत व्हतो. खोटं सांगावं का खरं, त्येचा इचार बोटीवर चार दिस केलेला. तर त्येनं माझ्याकडं बघितलं आन आपल्याच मनानं लिवलं, इंडर."

"इंडर म्हणजे हिंदी माणूस."

"हां. एवढंच. फुडं रकानाच न्हाय!" ते हसले. "आमच्या शेजारी रत्नांगिरीचा एक बामन व्हता, दुकानात लिवायला. त्यो पन इंडर. त्येला लई वाईट वाटायचं."

मग त्यांनी ती गोष्ट सांगितली, जी मी आधी लिहूनच घेतली नाही, कारण माझा विश्वास बसला नाही.

"गावात पाटलाचा पोरगा मला कवाबी मारी. त्येला काय कायदा लागत नव्हता. टांग्याला कचेरीच्या आकीद्यानं मला सांगितलं, तुला फटके मारायची परवानगी न्हाय. अरबाला आन इंडरला मारायचं न्हाय, बादशाचा लेखी हुकूम हाय. म्या म्हनलं, परत सांग. त्येनं परत सांगितलं. म्या तिसऱ्यांदा सांगाय लावलं."

दुसऱ्या दिवशी मी पुस्तकात शोधलं. होता तो हुकूम. अरब आणि हिंदी लोकांना फटक्यांची शिक्षा देऊ नये, असं स्पष्ट लिहिलेलं. आमच्या धर्माला, पुराणांना आणि संतांच्या पालख्या खांद्यावर घेणाऱ्यांना इतक्या शतकांत जे जमलं नव्हतं, ते बर्लिनमधल्या कुणा कारकुनाने एका ओळीत करून टाकलं होतं, आणि तेही त्याच्या ध्यानीमनी नसताना. त्याच कागदावर पुढची ओळ होती: बाकीच्या काळ्या पुरुषांना एका वेळी पंचवीसपर्यंत. मारताना एखादा गोरा हजर पाहिजे, मिळाला तर डॉक्टर पाहिजे आणि नोंद झालीच पाहिजे. नोंद न करता मारणं हा त्यांच्या मते रानटीपणा होता.

मी त्यांना ही ओळ मराठीत करून सांगितली, तेव्हा त्यांनी पुस्तकाची शिवण अर्धवट सोडली आणि हात धुवायला उठून गेले. त्या दिवशी ते परत आले नाहीत.

नंतर गोळीबार झाले. ग्रंथालय बंद, ट्राम बंद, रस्त्यावर काचा. आमच्या वाडीतला एक मुलगा पायात गोळी लागून घरी आला. पाचव्या दिवशी वडिलांनी गॅलरीची खिडकी उघडली आणि ती नंतर कधीच लावली नाही. सचिवालयात मात्र ते वेळेवर जात राहिले. किती गोळ्या झाडल्या याची सरकारकडे नोंद होती म्हणे. मला जर्मनांची फारच आठवण झाली.

संचारबंदी उठल्यावर मी परळला पुस्तकं बांधणाऱ्या म्हातारबांच्या चाळीत गेले. दुसरा मजला, एकच खोली, बाहेर सामायिक नळ. त्यांची सून गिरणीत पहिल्या पाळीला जात असे, ती नुकतीच आली होती. केसात अजून कापसाची पिंज. तिने मला आपादमस्तक पाहिलं आणि विचारलं, "चहा घेनार काय? आमच्याकडचा?"

"घेणार की."

"मंग बसा," ती म्हणाली आणि स्टोव्हला पंप मारू लागली. तिची परीक्षा मी पास झाले होते. घरी मात्र नापास झाले. मुंबईतली सगळी मराठी माणसं एक आहेत, हे सकाळी गॅलरीतून ओरडून सांगणाऱ्या आईने संध्याकाळी मला खालच्या आवाजात विचारलं, "तिथे काही खाल्लं-प्यायलं नाहीस ना?" मी म्हणाले, "दोन कप चहा." तिने माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला, चूळ भरायला. मी ते पाणी पिऊन टाकलं.

चाळीत म्हातारबांनी उरलेलं सांगितलं. व्हरांड्यात ते मला बाई म्हणत. इथे पोरी म्हणू लागले.

"फटके मोजनारा एक स्वाहिली मानूस व्हता, तो तापानं मेला. साहेबाला कळलं का मला आकडे येतात. म्हनला, आजपासून तू मोज. मोठ्यानं. मोजा, म्बिली, टाटू, म्हंजी त्यांच्यात येक, दोन, तीन... आन मंग वहीत लिव. पोरी, मला मारायचं न्हाय असा हुकूम, म्हनून मी बाजूला हुभा. आन मळ्यावरनं पळालेला मानूस आडवा पाडलेला."

मळे घायपाताचे. कामाला न जाणं हा गुन्हा. चाबूक पाणघोड्याच्या कातड्याचा.

"एकदा एक म्हातारा आनला. माझ्या बापाएवढा. सातव्याला त्येचा आवाज बंद झाला. माझ्या तोंडातनं आठाच्या जागी धा निघालं. काय ठरवून न्हाय. मारनाऱ्यानं माझ्याकडं बघितलं, म्या त्येच्याकडं. त्यो बी तिथलाच काळा मानूस. त्येनं काय म्हनलं न्हाय. साहेब सिगार वढीत व्हता."

"मग?"

"मग सवय लागली. येकाला दोन गाळ, येकाला चार. फार गाळले तर कळंल. वहीत पंचवीसच लिवायचं. वही एकदम बरोबर." ते सांगत होते. "त्या वर्साला साहेबानं वरनं शाबासकी मिळवली, का टांग्याची वही लई स्वच्छ हाय."

सून पाठमोरी कप विसळत होती. ती थांबली होती हे पाण्याचा आवाज बंद झाल्यावर कळलं.

पुढे एक नवा, तरुण दुय्यम साहेब आला. तो गप्प उभा राही आणि काठीने मातीत रेघा ओढी. एके दिवशी त्याने रेघा मोजल्या: एकवीस. वहीत पंचवीस. आता आली पंचाईत. या मोजणाऱ्याला शिक्षा द्यायची कशी? फटके देता येत नाहीत, बादशहाचा हुकूम. गुन्हा तरी कोणता म्हणायचा? कमी मारल्याचा? पण मारणारा दुसरा. म्हणून जिल्हा कचेरीने दारेसलामला, म्हणजे वसाहतीच्या राजधानीला, पत्र लिहिलं. दारेसलामने बहुतेक बर्लिनला लिहिलं असावं, कारण उत्तर यायला सहा महिने लागले.

"ते सहा महिने तुम्ही काय केलंत?" मी विचारलं. मला वाटलं, तुरुंगात असतील.

"मोजले," ते म्हणाले.

मला कळेना.

"मला कामावरनं काढायचा हुकूम तर आला नव्हता ना. हुकूम येईस्तवर जुनाच हुकूम चालू. मी मोजायचो आन त्यो धाकला साहेब माझ्या शेजारी हुभा ऱ्हाऊन काठीनं रेघा वढायचा. सहा महिने मी बरोबर मोजले, पोरी. एकबी आकडा चुकलो न्हाय. पळून जावं, जीभ कापून घ्यावी, कायबी करता आलं असतं. न्हाय केलं. मला वाटायचं, उत्तर येईल, उत्तर येईल."

ते चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले. मग म्हणाले, "उत्तर आलं का ह्यो परदेशी मानूस नको, बोटीवर चढवा. चढवला."

मी घरी येऊन तीन दिवसांत सतरा पानांचं प्रकरण लिहिलं. आयुष्यात प्रथमच मला इंग्रजी लिहिता येतंय असं वाटलं.

सरांनी ते शांतपणे वाचलं. "ही माहिती कुठली?"

"तिथे काम केलेले एक गृहस्थ आहेत, सर. आपल्या ग्रंथालयात पुस्तकं बांधतात."

"बुकबाइंडर." त्यांनी टोपण लावून पेन खाली ठेवलं. "त्याच्याकडे नेमणुकीचं पत्र आहे?"

"नाही, सर."

"त्या वहीची नक्कल?"

"नाही. आणि सर, वहीत तर पंचवीसच लिहिलेलं आहे. खोटं वहीतच आहे."

"मग प्रश्नच मिटला," सर समाधानाने म्हणाले. "कागदोपत्री पुरावा तुझ्या विरुद्ध आहे. शिवाय विषय प्रशासन आहे, शिक्षा नव्हे."

मी वाद घालायला हवा होता. मोर्च्यात पोरं गोळ्या खात होती आणि मला एका कोटाची भीती वाटली. मी स्वतःच पेन्सिल घेऊन त्या सतरा पानांवर काट मारली आणि त्यांच्या जागी आकीदांच्या नेमणुकीची पद्धत घातली. सर म्हणाले, "आता कसं सुटसुटीत झालं."

प्रबंध टाइप झाला. तोवर मुंबईचं द्विभाषिक राज्य झालं होतं, जे कुणीच मागितलं नव्हतं आणि म्हणून बहुधा सगळ्यांना सारखंच मिळालं. चार प्रती बांधायच्या होत्या. दुसरीकडे देण्याची मला लाज वाटली आणि त्यांच्याकडे देण्याचीही वाटली. शेवटी परळलाच नेल्या. भिंतीवर बुद्धाची नवी तसबीर होती; घरातल्या सगळ्यांनी त्या डिसेंबरात दीक्षा घेतली होती. म्हातारबांनी पानं हातात घेऊन वजन केलं.

"जाड झालंय. माझं कुठल्या पानावर हाय?"

खोटं सांगता आलं असतं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं.

"कुठल्याच नाही, बाबा. सरांनी काढायला सांगितलं. मी काढलं."

सून तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "वाटलंच मला."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पानांचे गठ्ठे नीट ठोकून घेतले, खळ कालवली आणि विचारलं, "कापड कुठल्या रंगाचं लावू?" मी म्हणाले, कुठलंही. मग ते म्हणाले, "बाइंडर शेवटाला कोरी पानं घालतोच. दोन घालतो कुनी, चार घालतो. मी एका प्रतीत वीस घातली तर त्येला कुठल्या साहेबाची परवानगी लागत न्हाय. लिवशील?"

"इंग्रजीत?"

"मराठीत लिव. मी सांगतो तसंच. पाटलाच्या पोराचं बी लिव."

तीन दुपारी मी त्या खोलीत बसून लिहिलं. ते सांगत, मी शाईने पानावर उतरवत असे. 'इंडर' हा शब्द त्यांनी मला तीन वेळा वाचून दाखवायला लावला. तिसऱ्या दिवशी लिहून झाल्यावर मी सगळं मोठ्याने वाचलं. दारात चाळीतली पाच-सहा माणसं जमली होती. कुणीतरी म्हणालं, तो जर्मन बरा म्हणायचा, जात तरी नाही विचारली. दुसरा म्हणाला, अरे आडवा पडलेल्याला विचार. यावर बरंच भांडण झालं. सून कोपऱ्यात उभी होती. भांडण ओसरल्यावर तिने विचारलं, "मामंजी, त्या सहा महिन्यांत किती मानसं आनली?"

"न्हाय ठाव," ते म्हणाले. "फटके मोजले. मानसं न्हाय मोजली."

सुनेने सगळ्यांना वाटेला लावलं आणि त्यांच्यापुढे जेवणाचं ताट ठेवलं.

ती प्रत मी विद्यापीठात दिली. तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी मला आकीदांच्या नेमणुकीवर दोन प्रश्न विचारले आणि जर्मनांच्या शिस्तीबद्दल आदर व्यक्त केला. मागची पानं त्यांनी उलटली होती की नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. मला दुसरा वर्ग मिळाला. म्हातारबा वेगळं राज्य व्हायच्या आदल्या वर्षी गेले. मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. मी गेले, सुनेने पुन्हा चहा केला. आम्ही दोघी त्यांच्याबद्दल काहीच बोललो नाही. गिरणीतल्या नव्या पाळ्यांबद्दल बोललो.

पुढे दादरच्या एका शाळेत मी इतिहास शिकवू लागले. पाठ्यपुस्तकात जर्मनीच्या वसाहतींवर एक ओळ होती: 'आफ्रिकेत जर्मनीनेही काही प्रदेश मिळवले.' त्या ओळीला मी दर वर्षी तीन तास घेत असे. मुख्याध्यापक एकदा वर्गाबाहेर थांबून ऐकत होते. तास संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि काळजीच्या स्वरात म्हणाले, "बाई, तुमचा पोर्शन फार मागे पडतोय."

मी म्हणाले, "हो."